चित्रातली खरखर: पुण्याच्या काचपट्टीपासून मोबाइलच्या सेन्सरपर्यंत

रात्रीच्या वेळी मांडवात काढलेला एखादा फोटो मोठा करून पाहा. दिव्यांजवळचे चेहरे ठीक दिसतात, पण काळ्या कोटावर, केसांत, मांडवाच्या कोपऱ्यात लाल, हिरवे, निळे बारीक ठिपके विखुरलेले असतात. फोटोच्या माहितीत आयएसओचा आकडा ३२०० किंवा ६४०० असा असतो. मग कोणीतरी सांगते, ‘आयएसओ वाढवला की नॉइज येतो, तो कमी ठेवत जा.’ हे वाक्य छायाचित्रणाच्या वर्गात इतक्या वेळा ऐकू येते की ते तपासावे असे कोणाला वाटतच नाही. या टिपणात आपण ते तपासणार आहोत, आणि त्यासाठी सुमारे सव्वाशे वर्षे मागे जाणार आहोत.

आधी शब्दाबद्दल थोडेसे. नॉइजला मराठी पुस्तकांत गोंगाट म्हणतात. जुनवानीला, म्हणजे भिलाईत, जिथे मी शिकवतो, तिथली मुले हिंदी पुस्तकांतला ‘रव’ हा शब्द वापरतात. मराठी कानाला त्यात रवा ऐकू येतो आणि दाणेदार फोटोला तो शोभतोही. मला स्वतःला ‘खरखर’ हा शब्द बरा वाटतो. रेडिओवर स्टेशन नीट लागले नाही की जी ऐकू येते ती. इतिहासालाही तो धरून आहे, कारण या विषयाचे गणित कॅमेऱ्यातून नव्हे, रेडिओच्या व्हॉल्व्हमधून आले.

१९१८ साली जर्मनीत वॉल्टर शॉटकी व्हॅक्यूम ट्यूबवर काम करत होता. ट्यूबमधला विद्युतप्रवाह स्थिर दिसत असला तरी तो सुट्या इलेक्ट्रॉनांचा बनलेला आहे, आणि इलेक्ट्रॉन काही ठरावीक अंतराने रांगेत येत नाहीत. कधी दोन लागोपाठ येतात, कधी मध्ये खंड पडतो. त्यामुळे प्रवाहात सतत बारीक चढउतार राहतो, आणि ट्यूब कितीही चांगली बनवली तरी तो जात नाही, असे त्याने दाखवले. या परिणामाचे नाव त्याने बंदुकीच्या छऱ्यांवरून ठेवले. पुढे १९२८ साली बेल प्रयोगशाळेतल्या जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी दुसरी खरखर समजावून सांगितली. कोणत्याही रोधात उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन हलत असतात आणि त्यातून विद्युतदाब थरथरतो. या दोन कल्पना नीट धरून ठेवा. पहिली मोजणीची खरखर, दुसरी उष्णतेची. कॅमेऱ्याच्या नॉइजचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे दुसऱ्या जातीच्या खरखरी एकेक करून काढून टाकणे, आणि शेवटी पहिलीपाशी येऊन थांबणे.

मोजणीची खरखर कशी असते ते पाहायचे असेल तर वळवाच्या पावसाचा पहिला मिनिटभर अंगणातल्या शहाबादी फरशीकडे बघा. मोठे थेंब सुटे सुटे पडतात. एका फरशीवर सात, शेजारच्या फरशीवर तीन, तिसरीवर दहा. आभाळ सगळ्यांवर सारखेच आहे, तरी फरश्या सारख्या दिसत नाहीत. पाच मिनिटांनी प्रत्येक फरशीवर हजारो थेंब पडलेले असतात, आणि सगळे अंगण एकसारखे ओले दिसते. फरक नाहीसा झालेला नसतो, उलट आकड्यांत तो वाढलेला असतो, पण एकूण थेंबांच्या मानाने नगण्य झालेला असतो. नियम असा: सरासरी संख्या जेवढी, तिच्या वर्गमुळाएवढा चढउतार. सरासरी १०० थेंब असतील तर चढउतार १०, म्हणजे दहा टक्के. १०,००० असतील तर १००, म्हणजे फक्त एक टक्का. फरशीच्या जागी पिक्सेल ठेवा आणि थेंबाच्या जागी प्रकाशकण. अंधारातला फोटो म्हणजे पावसाचे पहिले मिनिट.

काचपट्टीचा काळ

आता पुण्याला जाऊ. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हे सांगताना मला विशेष आनंद होतो, कारण ही गोष्ट एका अभियांत्रिकी महाविद्यालयातच घडली. आज आपण ज्याला सीओईपी म्हणतो ते १८८०च्या दशकात पूना कॉलेज ऑफ सायन्स होते. तिथे कावसजी दादाभाई नायगमवाला या प्राध्यापकांनी वेधशाळा उभारली. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी देणगी दिली म्हणून वेधशाळेला त्यांचे नाव मिळाले. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातून २० इंच व्यासाची परावर्तक दुर्बीण आली. त्या काळी भारतात एवढी मोठी दुर्बीण दुसरी नव्हती. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि उपकरणे कोडाइकनालला गेली. एका माणसाच्या जिद्दीवर उभी राहिलेली संस्था त्याच्याबरोबर संपते, हे आपल्याकडे तेव्हाही होत होते.

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रावरून गेला. नायगमवाला आपली तुकडी घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल यांचीही तुकडी तिथेच उतरली होती. जेऊर हे रेल्वेमार्गावरचे गाव, तेव्हा अवजड पेट्या तिथवर नेणे शक्य होते. खग्रास अवस्था साधारण दोन मिनिटांची. या दोन मिनिटांत किरीटाचे, म्हणजे सूर्याभोवतीच्या त्या फिकट तेजोवलयाचे, आणि त्याच्या वर्णपटाचे फोटो घ्यायचे होते.

त्यांच्या अडचणीकडे अभियंत्याच्या नजरेने बघा. किरीटाचा आतला भाग तेजस्वी, बाहेरचा त्याच्या हजारपट फिका. पट्टी थोडा वेळ उघडी ठेवली तर बाहेरचा भाग उमटत नाही, जास्त वेळ ठेवली तर आतला भाग जळून जातो. आणि एकूण वेळ दोनच मिनिटे, तीही पुन्हा मिळणार नाहीत. म्हणून ग्रहणाच्या मोहिमांत कमी-जास्त अवधीचे अनेक फोटो घ्यायची पद्धत पडली. तुमचा फोन ‘एचडीआर’ या नावाने जे करतो ते हेच.

मग पट्टी जास्त संवेदनशील का करायची नाही? करता येत होती, पण किंमत मोजून. जिलेटिनच्या थरात चांदीच्या लवणाचे सूक्ष्म कण असतात. एखाद्या कणाने थोडेसे, म्हणजे मोजके प्रकाशकण शोषले की विकासकात तो पूर्ण काळा होतो. कण मोठा असला काय आणि लहान असला काय, त्याला उकसवायला लागणारे प्रकाशकण साधारण तेवढेच. मोठा कण जास्त जागा अडवतो, जास्त थेंब झेलतो, म्हणून लवकर काळा होतो. त्यामुळे पट्टी ‘वेगवान’ करायची तर कण मोठे करा, आणि कण मोठे केले की चित्र रवाळ. यातून सुटका नव्हती. शिवाय पट्टीवर पडलेल्या शंभर प्रकाशकणांपैकी जेमतेम एखादाच कामी येई, बाकीचे वाया.

या संवेदनशीलतेला आकडा द्यायचा पहिला गंभीर प्रयत्न १८९० साली इंग्लंडमध्ये हर्टर आणि ड्रिफील्ड यांनी केला. दोघेही रसायनाच्या कारखान्यात काम करणारे, हौशी छायाचित्रकार. किती प्रकाशाला पट्टी किती काळी होते याचा त्यांनी आलेख काढला. त्या आलेखातून पुढे १९३४चे जर्मन डीआयएन प्रमाण आले, १९४३चे अमेरिकी एएसए आले, आणि दोन्ही मिळून १९७०च्या दशकात आयएसओ. तुमच्या कॅमेऱ्यावरचा १००, २००, ४०० हा आकडा एएसएचा वारस आहे. आकडा दुप्पट म्हणजे अर्ध्या प्रकाशात काम भागते, एवढाच त्याचा अर्थ.

फिल्मच्या काळातले वृत्तपत्र छायाचित्रकार ४००ची फिल्म १६००ला ‘पुश’ करत. म्हणजे काय, तर फोटो चौपट कमी प्रकाशात काढायचा आणि विकासकात फिल्म जास्त वेळ ठेवायची. प्रकाश तर वाढत नसे. जे थोडे उमटले तेच गडद करायचे. ही युक्ती लक्षात ठेवा, कारण डिजिटल कॅमेऱ्यातले आयएसओचे बटण हेच काम विजेच्या साहाय्याने करते.

दाणे किती वाईट, याचे उत्तर दोन टप्प्यांत मिळाले. १९३५ साली सेल्विनने दाखवले की जेवढ्या क्षेत्रफळावर सरासरी घ्याल त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात दाणेदारपणा कमी होतो. पुन्हा वर्गमूळ. आणि १९४८ साली आरसीए कंपनीतल्या अल्बर्ट रोझने एक मोठा प्रश्न विचारला: फिल्म, टेलिव्हिजनची कॅमेरा-नळी आणि माणसाचा डोळा, तिघांनाही एकाच पट्टीने मोजले तर? ती पट्टी म्हणजे परिपूर्ण कॅमेरा, जो पडलेला प्रत्येक प्रकाशकण मोजतो आणि स्वतःची काहीही खरखर मिसळत नाही. अशा कॅमेऱ्याच्या चित्रातही मोजणीची खरखर उरणारच. रोझने आणखी एक व्यवहारी आकडा दिला. एखादी वस्तू पार्श्वभूमीतून खात्रीने ओळखायची असेल तर तिचा संकेत खरखरीच्या साधारण पाचपट हवा. त्याहून कमी असेल तर आपल्याला नसलेल्या वस्तू दिसू लागतात.

डोळ्याचे आकडे थक्क करणारे आहेत. १९४२ साली हेक्ट, श्लेर आणि पिरेन यांनी अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर प्रयोग केले, आणि दांडपेशींनी ५ ते १४ प्रकाशकण शोषले तरी चमक जाणवते असा निष्कर्ष काढला. गडद अंधारात डोळ्यांसमोर जी बारीक किरकिर दिसते ती तुम्हीही पाहिली असेल. आपला डोळाही खरखरीपासून मुक्त नाही.

इलेक्ट्रॉन मोजायचे दिवस

१९६९च्या ऑक्टोबरात बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडीची कल्पना फळ्यावर मांडली. सिलिकॉनवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटतात. ते छोट्या छोट्या विद्युत-खड्ड्यांत साठवायचे आणि मग एका खड्ड्यातून दुसऱ्यात सरकवत कडेला आणून मोजायचे. दोघांना २००९ साली भौतिकशास्त्राच्या नोबेलचा वाटा मिळाला. फिल्मशी तुलना करा: शंभरात एखाद्या प्रकाशकणाऐवजी चांगला सीसीडी शंभरातले ऐंशी-नव्वद पकडतो.

पण मोजायचे कसे? इथे उष्णतेची खरखर आडवी आली, आणि या इतिहासातला मला सर्वांत आवडणारा टप्पा हाच आहे. इलेक्ट्रॉन कडेला आले की ते एका इवल्या कपॅसिटरवर ओततात आणि दाब किती बदलला ते वाचतात. प्रत्येक वेळी आधी तो कपॅसिटर रिकामा, म्हणजे रीसेट, करावा लागतो. रीसेट करणारा स्विच हा रोधच, त्यामुळे जॉन्सन-नायक्विस्टची थरथर आली. स्विच उघडतो त्या क्षणी जी थरथर असेल ती कपॅसिटरवर गोठून राहते. आकडा काढू. कपॅसिटन्स १० फेम्टोफॅरड आणि तापमान ३०० केल्विन धरले तर बोल्ट्झमनचा स्थिरांक, तापमान आणि कपॅसिटन्स यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढून इलेक्ट्रॉनच्या प्रभाराने भागा. उत्तर येते साधारण ४० इलेक्ट्रॉन. म्हणजे पिक्सेलमध्ये २० इलेक्ट्रॉन असतील तर ते या गोंधळात बुडालेच.

यावरचा उपाय आपल्या बाजारात कित्येक पिढ्या चालत आला आहे. बरणी घेऊन तेल आणायला जा. दुकानदार आधी रिकाम्या बरणीचा धडा करतो, मग तेल ओततो. बरणीचे वजन किती होते याच्याशी त्याला देणेघेणे नसते, ती दोन्ही वेळा तीच असली म्हणजे झाले. १९७४ साली वेस्टिंगहाउस कंपनीतल्या मार्विन व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीसीडीसाठी हेच मांडले. रीसेटनंतर लगेच एकदा वाचा, मग इलेक्ट्रॉन ओता, पुन्हा वाचा, आणि वजाबाकी करा. गोठलेली थरथर दोन्ही वाचनांत तीच असते, म्हणून ती निघून जाते. या एका वजाबाकीने चाळीसची खरखर काही इलेक्ट्रॉनांवर आली. परीक्षेत हा ‘कोरिलेटेड डबल सॅम्पलिंग’चा प्रश्न आला तर धडा आठवा, सूत्र आपोआप लिहिता येईल.

खगोलशास्त्रज्ञांनी सीसीडी लगेच उचलला. १९७६ साली अमेरिकेत ॲरिझोनातल्या ६१ इंची दुर्बिणीवर जेम्स जेनेसिक आणि ब्रॅडफर्ड स्मिथ यांनी सीसीडी लावून युरेनसचे चित्र घेतले. पुण्यात मात्र मध्ये मोठा खंड पडला. १९८८ साली जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने आयुका उभी राहिली, आणि २००६ साली पुणे जिल्ह्यातल्या गिरवली गावाजवळ तिची २ मीटर व्यासाची दुर्बीण सुरू झाली. तिच्यावर अंधुक तारे आणि दीर्घिकांची चित्रे व वर्णपट घेणारे उपकरण बसवले आहे, आणि त्याच्या पोटात सीसीडी आहे.

आता नायगमवालांची २० इंची आणि गिरवलीची २ मीटरची, या दोघींची तुलना करा. २० इंच म्हणजे सुमारे ०.५१ मीटर. व्यासांच्या गुणोत्तराचा वर्ग केला तर गिरवलीची दुर्बीण साधारण १५ पट प्रकाश गोळा करते. पण काचपट्टी शंभरात एक कण वापरत होती आणि सीसीडी ऐंशी वापरतो. म्हणजे आरशाने १५ पट दिले आणि पकडणाऱ्याने ८० पट. शतकभरात दुर्बिणी मोठ्या झाल्या हे सगळे सांगतात. त्यांच्या मागे लावलेली वस्तू किती बदलली हे फारसे कोणी सांगत नाही.

घरगुती कॅमेऱ्याची वाट वेगळी होती. १९७५ साली कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसनने १०० गुणिले १०० पिक्सेलचा सीसीडी लावून हातात धरता येईल असा डिजिटल कॅमेरा जुळवला. एक चित्र कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद लागत. १९८० साली जपानमध्ये एनईसी कंपनीतल्या नोबुकाझू तेरानिशी यांनी ‘पिन्ड फोटोडायोड’ शोधला. त्यात पिक्सेलमधले सगळे इलेक्ट्रॉन एका दमात बाहेर काढता येतात, तळाशी काही चिकटून राहत नाही. १९९३च्या सुमारास नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेत एरिक फॉसम यांनी सीमॉस तंत्राने प्रत्येक पिक्सेलच्या आतच प्रवर्धक बसवला. सुरुवातीचे सीमॉस सेन्सर खरखरीचे होते. तेरानिशींचा डायोड त्यांत घातल्यावर पिक्सेलपिक्सेलला धडा करणे शक्य झाले आणि मग चित्र पालटले. २०१७चा क्वीन एलिझाबेथ अभियांत्रिकी पुरस्कार फॉसम, तेरानिशी, स्मिथ आणि बेलचेच मायकेल टॉम्पसेट या चौघांना मिळाला, तो याच साखळीसाठी.

परिणाम दुकानात दिसला. २००७च्या निकॉन डी३ मध्ये आयएसओ ६४०० नेहमीच्या वापराला आणि गरज पडली तर २५,६०० मिळू लागला. २०१४च्या सोनी अल्फा ७एस मध्ये तो ४,०९,६०० पर्यंत गेला. त्यात पिक्सेल फक्त १२ दशलक्ष ठेवले होते, म्हणजे फरश्या मोठ्या.

मग आयएसओचे बटण काय करते?

हिशेब करू. जुनवानीत राहणाऱ्याला उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. भट्टीतून रस बाहेर पडताना एकीकडे डोळे दिपवणारा झोत आणि दुसरीकडे छपराखालच्या काळोखात उभा कामगार असे दृश्य असते. समजा दृश्यातल्या ज्या जागेला पांढरे म्हणायचे तिथे आयएसओ १०० वर पिक्सेलमध्ये ६४,००० इलेक्ट्रॉन जमतात. कामगाराचा गणवेश त्याच्या शंभराव्या भागाएवढा उजळ, म्हणजे ६४० इलेक्ट्रॉन. मोजणीची खरखर त्याचे वर्गमूळ, सुमारे २५. संकेत खरखरीच्या २५ पट. छान.

पण आयएसओ १०० वर शटर इतका वेळ उघडे ठेवावे लागेल की माणूस हलेल. म्हणून तुम्ही ६४०० लावता आणि कॅमेरा शटरचा वेळ ६४ पट कमी करतो. आता पांढऱ्यात १,००० इलेक्ट्रॉन, गणवेशात फक्त १०. मोजणीची खरखर ३.२. वाचनाची खरखर ३ इलेक्ट्रॉन धरू. खरखरींची बेरीज वर्गांनी होते: १० अधिक ९, म्हणजे १९, त्याचे वर्गमूळ ४.४. संकेत खरखरीच्या २.३ पट. रोझच्या पाचाच्या खाली. गणवेशावरचा बिल्ला ओळखू येणार नाही.

हे २५ वरून २.३ वर कशाने आले? प्रकाश ६४ पट कमी झाला त्याने. बटणाने नंतर १० इलेक्ट्रॉनांचा संकेत फुगवून पडद्यावर दिसण्याएवढा केला, आणि सोबतची खरखरही फुगवली. आयएसओ वाढवल्याने नॉइज येतो असे म्हणणे म्हणजे लोकांनी छत्र्या उघडल्या म्हणून पाऊस पडतो असे म्हणणे. पटत नसेल तर शटर आणि छिद्र तेच ठेवून एकदा आयएसओ १०० आणि एकदा १६०० वर फोटो काढा, आणि पहिला संगणकावर १६ पट उजळा. कित्येक कॅमेऱ्यांत १६००चा फोटो थोडा स्वच्छच दिसेल! कारण संकेत आधी फुगवला की पुढे आकड्यांत रूपांतर करताना मिसळणारी खरखर त्यामानाने लहान ठरते. नव्या सेन्सरमध्ये ती पुढची खरखर इतकी कमी झाली आहे की दोन्ही फोटो जवळजवळ सारखे येतात.

आता तोच हिशेब परिपूर्ण कॅमेऱ्यासाठी करा. वाचनाची खरखर शून्य. गणवेशात १० इलेक्ट्रॉन, खरखर ३.२, गुणोत्तर ३.२. वाचनाची खरखर १० इलेक्ट्रॉन असलेल्या जुन्या सेन्सरमध्ये हेच गुणोत्तर ०.९५ होते. म्हणजे १०वरून ३वर येण्याने ०.९५चे २.३ झाले. ३वरून शून्यावर आलात तरी फक्त ३.२. चांगल्या सेन्सरमध्ये आज ती १-२ इलेक्ट्रॉनांवर आली आहे, तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या हातात आता थोडेच उरले आहे. पुढे जायचे तर जास्त प्रकाश हवा: मोठे भिंग, मोठी फरशी, जास्त वेळ. आणि गंमत म्हणजे आयएसओ १२२३२ हे डिजिटल कॅमेऱ्यांचे प्रमाणही हे मान्य करते. त्यात वेग ठरवायची एक पद्धत खरखरीवरच बेतलेली आहे: संकेत खरखरीच्या ४० पट असेल तर उत्तम, १० पट असेल तर चालण्यासारखे.

उष्णतेबद्दल थोडक्यात. सिलिकॉन अंधारातही थोडे इलेक्ट्रॉन स्वतःच सोडतो, आणि दर ६ ते ८ अंशांना त्यांची संख्या दुप्पट होते. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५च्या घरात जातो. २५ अंशांच्या खोलीच्या तुलनेत सेन्सरचा हा अंधारप्रवाह ६ ते १० पट होतो. दिवसाच्या फोटोत तो कळत नाही, मिनिटभराच्या रात्रीच्या फोटोत कळतो. वेधशाळांत सेन्सर शून्याखाली पुष्कळ गार ठेवतात ते यासाठी.

मग हातातला फोन एवढ्याशा भिंगाने रात्री स्वच्छ फोटो कसा काढतो? दोन गोष्टी करून, आणि त्या दोघींत फरक आहे. पहिली प्रामाणिक आहे. तो एकामागून एक अनेक फोटो घेतो आणि जुळवून सरासरी काढतो. नऊ फोटोंची सरासरी काढली तर खरखर तिप्पट कमी. हा सेल्विनचाच नियम, फक्त क्षेत्रफळाऐवजी वेळेवर लावलेला. दुसरी गोष्ट म्हणजे अंदाज. या भागात बहुधा कापड असावे, हा बहुधा गाल असावा, असे मानून आज्ञावली ठिपके पुसते. लग्नाच्या अल्बमला ते चालते. पण तुमच्यातले काही जण उद्या वेल्डिंगच्या जोडाचे क्ष-किरण चित्र तपासणार आहात. केसाएवढी भेग आणि खरखर, दोघींचा आकार सारखाच असतो. भेग ही खरखर समजून पुसली गेली तर चित्र अतिशय सुंदर दिसेल आणि जोड तुटेल. म्हणून तपासणीच्या कामात मूळ, न पुसलेली माहिती जपून ठेवायची असते.

रुग्णालयात याच गणिताची दुसरी बाजू भेटते. क्ष-किरणही कणांनीच येतात. लहान मुलाच्या छातीचे चित्र दुप्पट स्वच्छ हवे असेल तर चौपट किरण त्याच्या अंगातून न्यावे लागतात. तिथे खरखरीत चित्र हा हलगर्जीपणा असेलच असे नाही. निदानाला पुरेल एवढीच मात्रा देऊन डॉक्टरांनी ते मुद्दाम तसे घेतलेले असू शकते.

प्रयोग

हा प्रयोग कोणत्याही महाविद्यालयात करता येईल. युरेनसचे चित्र घेणाऱ्या जेनेसिक यांनीच ही पद्धत रूढ केली. ज्या फोनमध्ये किंवा कॅमेऱ्यात ‘रॉ’ फाइल मिळते तो तिवईवर लावा. एकसारखा उजेड असलेली पांढरी भिंत मुद्दाम फोकस बिघडवून टिपा. प्रत्येक शटर-वेळेला दोन-दोन फोटो, आयएसओ तोच. भिंग झाकून घेतलेल्या फोटोतून काळ्याचा आकडा काढा आणि तो सगळीकडून वजा करा. मग मधल्या चौकोनातले फक्त हिरवे पिक्सेल घ्या. दोन्ही फोटोंची सरासरी म्हणजे संकेत. दोघांची वजाबाकी करून तिच्या प्रचरणाचा निम्मा भाग घ्या, ती खरखर. वजाबाकी कशासाठी? पिक्सेलपिक्सेलमधला कायमचा फरक आणि भिंगाच्या कडेची सावली दोन्ही फोटोंत सारखी असते म्हणून. पुन्हा धडाच.

आडव्या अक्षावर संकेत, उभ्या अक्षावर प्रचरण मांडा. रेषा सरळ आली पाहिजे. तिचा उतार उलटा केला की एका आकड्यामागे किती इलेक्ट्रॉन ते मिळते. उतार ०.५ आला तर एका आकड्याला दोन इलेक्ट्रॉन. रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते तिथे वाचनाच्या खरखरीचा वर्ग मिळतो. कॅमेरा न उघडता, कंपनीला न विचारता, तुम्ही त्याच्या पोटातले इलेक्ट्रॉन मोजलेत.

नंतर हेच फोनने तयार करून दिलेल्या जेपेग फोटोंवर करून बघा. रेषा वाकडी येईल. पुष्कळशी वाकडी होते ती फोन उजेडाचे आकडे पडद्यासाठी दाबतो म्हणून. तेवढे बाजूला काढल्यावरही अंधाऱ्या टोकाला प्रचरण जिथे रॉच्या रेषेखाली जाते, ती जागा आलेखावर पेन्सिलने खुणेने दाखवा. तिथून पुढे फोनने मोजणे थांबवून अंदाज करायला सुरुवात केली आहे.